तिन्ही आत्या सगळ्यात वर

आपिया,
रविवार, दुपारचं जेवण उरकून

ती. सिएनीताईस,

धाकट्या भावाचा, आपेरामोचा, अख्खा समुद्र ओलांडून पोहोचेल एवढा लांबलचक नमस्कार. इकडे सर्व खुशाल. तुझी भावजय वायोला खुशाल, डुकरं खुशाल, आणि नीरफणस यंदा इतका लागलाय की शेजारी आम्हाला लांबून बघूनच वाट बदलतात (आम्ही त्यांच्या हातात दोन-दोन फणस कोंबू, या भीतीने). तुझा गुडघा कसा आहे? दाजींचं घोरणं कमी झालं का? ब्रिस्बेनला थंडी पडली असेल, कानाला बांधल्याशिवाय कामावर जात जाऊ नकोस. पोरांना आपली भाषा येते का अजून, की 'तालोफा' म्हटलं की त्यांची गाडी संपली? असो. भेटीअंती बोलू, असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

परवा फोनवर तू विचारलंस की घराण्याच्या मेळाव्यात नक्की झालं काय. तुला म्हणे आपल्या चुलतभावाने, तावीताने सांगितलं की मी भर सभेत घराण्याचं नाक कापलं. वायोलाच्या बहिणीने सांगितलं की मी पळून जाऊन डुकरांच्या कुंपणात लपलो. आणि पास्टर एलिसालांच्या बायकोने सांगितलं की देवाच्या कृपेने सगळं फारच छान झालं. ताई, तिघंही खरं बोलतायत. फक्त कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, यात त्यांचा गोंधळ आहे. आणि या सगळ्या भानगडीचं मूळच मुळी कोण आधी आणि कोण नंतर हे आहे. तेव्हा कपभर कोको करून घे आणि बैस.

पहिली गोष्ट म्हणजे, कल्पना तुझी होती. (हे मी दोष म्हणून लिहीत नाही, फक्त नोंद म्हणून लिहितो. सभेतही मी हेच ओरडून सांगत होतो, पण ऐकतो कोण!) मागच्या नाताळात तूच म्हणालीस, म्हाताऱ्या माणसांबरोबर घराण्याची माहिती जमिनीत जाते, तर इंटरनेटवर एक विकी उघडा, ज्याला जे आठवेल ते त्याने तिथे लिहावं. सगळ्यांना पटलं. आणि मी शाळेत गणित शिकवतो, त्या अर्थी मला संगणक येणारच, असं ठरवून काम माझ्या गळ्यात घातलं. आपली माणसं तशीच. पौलीकाका घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून अर्धा गाव त्यांच्याकडून दात काढून घ्यायचा.

विकी झकास चालली होती. कोण कुठे जन्मला, कुणी कुणाच्या लग्नात किती मोठी चटई दिली, वादळात कुणाचं छप्पर कुणाच्या अंगणात सापडलं, सगळं लोक हौसेने लिहीत होते. आता विकीच्या पानावर डाव्या बाजूला एक उभी पट्टी असते, तिला साइडबार म्हणतात. तिच्यात मी आपल्या घराण्याच्या तीन शाखा टाकल्या, शाखेखाली घरं, घराखाली माणसं. नावावर बोट टेकवलं की त्या माणसाचं पान उघडतं. एवढंच. रस्त्यावर गावांची पाटी असते तसं. पण पाटीवर सगळ्यात वर कुणाचं गाव लिहायचं, हा प्रश्न मला पाटी लावेपर्यंत पडला नव्हता. मी आपला बाराखडी लावून मोकळा झालो.

दुसऱ्याच सकाळी फुआतिनोआत्या आली. बरोबर ताज्या अळकुड्यांची टोपली. टोपली ठेवली, बसली, पंख्याने वारा घेतला, आणि म्हणाली, "माझ्या आजोबांचं नाव तिसरं का रे?"

"आत्या, ती बाराखडी आहे."

"मी थोरल्या भावाची नात. बाराखडी आपल्या घराण्यात कुठून आली? तिचा बाप कोण?"

मी तिची शाखा वर नेली. संध्याकाळच्या प्रार्थनेआधीच लिताराआत्या हजर. तिच्या हातात नारळाच्या दुधात भिजवलेले गरम पाव. तिचं म्हणणं, थोरला असेल मोठा, पण ती त्याच्या बहिणीच्या वंशातली, आणि बहिणीचा मान भावाच्या वर असतो हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पाव फार चांगले झाले होते, ताई. मी तिची शाखा वर नेली. मग आली माकेरिताआत्या. ती काहीच घेऊन आली नाही. ओट्यावर बसली आणि मेलेल्या माणसांची एकेक करून नावं घेत रडायला लागली. थोरला न्यूझीलंडला गेला, बहीण सासरी गेली, मग जमीन राखली कुणी? थडग्यांवरचं गवत काढलं कुणी? धाकट्याच्या वंशाने! आपल्या घराला भिंती नाहीत, म्हणजे तुला कळलंच असेल, थोड्या वेळात समोरच्या बाजूने अख्खी आळी जमून माझ्याकडे मान हलवत बघत होती. मी तिची शाखा वर नेली.

गंमत म्हणजे तिघींचंही म्हणणं बरोबर. भांडणात एक जण चूक असला तर निदान त्याला समजावता तरी येतं; तिघंही बरोबर असली की देवाचाही इलाज चालत नाही. आणि हा नुसता मानपानाचा खेळ नव्हता. पौलीकाका गेल्यापासून घराण्याच्या प्रमुखाचं पद रिकामं आहे. मेळाव्यात नवा मताई ठरायचा होता, तिन्ही शाखांचा आपापला माणूस तयार होता, आणि नाही जमलं तर कोर्ट, असं तिन्हीकडून ऐकू येत होतं. त्यात फुआतिनोआत्या आणि लिताराआत्या पौलीकाकांच्या मर्तिकापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. (एकीने दिलेली बारीक विणीची चटई दुसरीने सभेत उलटी उलगडली, लाल पिसं खालच्या अंगाला. चुकून म्हणते. 'चुकून' हा शब्द उच्चारताना तिचा चेहरा तू बघायला हवा होतास.) अशा वेळी पट्टीवर कुणाचं नाव वर, याचा अर्थ लोक काय काढतील ते सांगायला नको.

मग मी काय केलं? पहिल्यांदा पट्टीच लपवून टाकली. पण ते करायला मला स्क्रिप्ट लिहायला शिकावं लागलं, आणि ताई, इथून पुढे माझ्या डोक्यात जे वारं शिरलं ते शिरलं. विकीत एक खास पान असतं. त्यावर दोन-चार ओळींची आज्ञा लिहून ठेवली की ती सगळ्यांच्या सगळ्या पानांवर लागू होते. मी कुणा परक्या भल्या माणसाने इंटरनेटवर लिहून ठेवलेल्या ओळी उतरवून काढल्या, त्यात माझी एक ओळ घातली, पान पुन्हा उघडलं, आणि पट्टी गायब! देवाने 'प्रकाश होवो' म्हटल्यावर त्याला जे वाटलं असेल, ते मला 'पट्टी न दिसो' म्हटल्यावर वाटलं. मी ओळ काढली, पट्टी आली. ओळ घातली, पट्टी गेली. आली, गेली, आली, गेली. वायोला मागून म्हणाली, "डुकरांना घातलंस का?" मी म्हटलं, "थांब गं, मी आत्ता घराणं नाहीसं करतोय." ती म्हणाली, "ते तू लग्नापासून करतोयस. डुकरांना घाल."

पण पट्टी गेल्यावर कुणालाच काही सापडेना. दिवसभर फोन. "आपेरामो, माझ्या धाकट्याचा बाप्तिस्मा कुठे गेला?" "आपेरामो, आमचं घर पाडलंस का?" म्हणून पट्टी पुन्हा बाराखडी लावून परत आणली आणि दुसरी युक्ती केली: दर वेळी पान उघडलं की तिन्ही शाखा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वेगवेगळ्या क्रमाने दिसाव्यात. न्याय म्हणजे न्याय! तर फुआतिनोआत्या आपलं नाव वर येईपर्यंत पान पुन्हापुन्हा उघडायची, आणि वर आलं की टॅब्लेट तसाच उशाशी ठेवून त्याला दिवसभर हात लावू द्यायची नाही. म्हणायची, देवाची इच्छा दिसली की पुन्हा विचारू नये. लिताराआत्याने लागोपाठ तिसऱ्याच क्रमांकावर येत राहिल्यावर उपवास धरला. मला वाटलं, आता कुणीतरी मरणार, आणि त्याचं पान मलाच लिहावं लागणार.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. (वायोला म्हणते, सुचली नाही, चावली.) विकीत जो तो आपलं नाव सांगून आत येतो, याला लॉगिन म्हणतात. लिताराआत्या त्याला 'लगीन' म्हणते आणि दर वेळी लाजते. म्हणजे पानाला माहीत असतं की बघणारा कोण आहे. मग मी स्क्रिप्टला सांगितलं: बघणारी फुआतिनोआत्या असेल तर तिची शाखा सगळ्यात वर, ठळक, उघडी, बाकीच्या दोन खाली, मिटलेल्या. लितारा असेल तर लितारा वर. माकेरिता असेल तर माकेरिता. तिघींच्या शाखांतली सगळी माणसं त्याच हिशेबाने. एकच विकी, आणि तिन्ही आत्या सगळ्यात वर! हे चालू झालेलं बघितलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून एकटाच नाचलो. समोरच्या घरातल्या म्हातारीने विचारलं, पोटात कळ आली का.

ताई, ते दिवस सोन्याचे होते. फुआतिनोआत्याने बघितलं, आपण वर. तिला वाटलं, लिताराने शेवटी मान्य केलं, माघार घेतली बिचारीने. तिचं मन भरून आलं. तिने लिताराआत्याकडे अळकुड्यांची टोपली पाठवली. लिताराआत्याने आपल्या टॅब्लेटवर बघितलं, आपण वर, आणि दारात टोपली. तिला वाटलं, नजराणा आला! हरलेल्या माणसाशी मोठ्या मनाने वागावं म्हणून तिने उलट पाव पाठवले. त्या दोघी माकेरिताआत्याला दयेपोटी नारळाच्या दुधातली अळूची पानं पाठवायला लागल्या, आणि माकेरिताआत्या ती घराण्याच्या प्रमुख स्त्रीच्या थाटात, शांत हसून, स्वीकारायला लागली. एका रविवारी चर्चमध्ये तिघी एका बाकावर बसल्या. तिघींच्या टोप्या एकमेकींना घासत होत्या, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर असा भाव की मी क्षमा केली. पास्टर एलिसालांनी प्रवचन थांबवून देवाचे आभार मानले. मी मागच्या बाकावर मान खाली घालून ते आभार नम्रपणे स्वीकारले.

इथेच थांबलो असतो तर. पण ज्याला पडदा ओढायची दोरी सापडली तो एका खिडकीवर थांबत नाही. फुआतिनोआत्या म्हणाली, त्या तावीताचं नाव माझ्या नजरेसमोर नको, माझ्या घरी जेवून वर पानं खारट झाली म्हणाला मेला. मी तावीताला तिच्या पट्टीवरून लपवला. (फक्त तिच्या. बाकी जगासाठी तावीता होता.) लिताराआत्याला तिची सून नको होती. लपवली. माकेरिताआत्याला ऑकलंडची ती सगळी चर्चमध्ये गाणारी मंडळी नको होती, थडगी साफ करायला कधी येत नाहीत म्हणून. ती मी एका ओळीत, सुरात, एकत्र लपवली. रोज नवं मागणं. रुसवा झाला की लपव, समेट झाला की दाखव. मी कुठूनही, बसमध्ये बसून, वर्गात मुलांना भागाकार घालून देऊन, माणसं लपवत आणि काढत होतो. मला तर वाटायला लागलं होतं की जगातली निम्मी भांडणं मिटवायला फक्त एक चांगली स्क्रिप्ट हवी, आणि मोठमोठ्या देशांना अजून माझा पत्ता मिळालेला नाही.

एकच बारीक खोट होती. पान उघडताना आधी खरी, पूर्ण पट्टी येते, आणि मग माझी स्क्रिप्ट जागी होऊन तिची लपवाछपवी करते. इंटरनेट वेगाने चाललं तर पापणी लवायच्या आत सगळं उरकतं. हळू चाललं तर मधल्या क्षणात खरं दिसून जातं. लिताराआत्या एकदा म्हणाली, "मला मघाशी माकेरिताचं नाव वर दिसल्यासारखं झालं." मी म्हटलं, "आत्या, मोतीबिंदू असेल." ती डोळे तपासायला मोठ्या इस्पितळात जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, डोळे तरुण मुलीसारखे आहेत. तिला त्याचा इतका आनंद झाला की मूळ तक्रार विसरली. मीही विसरलो.

आता मेळावा. पहाटेपासून भट्टीतले दगड तापत होते, डुकरं भाजली जात होती (आमची दोन. नावं विचारू नकोस, वायोला रडते), ऑकलंडहून, सिडनीहून माणसं आलेली, चर्चचं सभागृह काठोकाठ. पास्टर एलिसालांना आपण सगळ्यांनी ठरवलं होतं पंच म्हणून, कारण ते कुठल्याच शाखेतले नाहीत. तिन्ही शाखांचे उमेदवार पुढच्या रांगेत, तेल लावून चकचकीत. मी कोपऱ्यात ताट भरून घेतलेलं. इतक्यात पास्टर उभे राहिले आणि म्हणाले, "पद ठरवायच्या आधी, ज्या सुंदर गोष्टीने या घराण्याला पुन्हा एकत्र आणलं, ती आपण सगळे मिळून पाहू या." आणि मागे पांढरी चादर, तिच्यावर प्रकाश, आणि प्रकाशात आपली विकी.

माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. मी तिघींचा विचार केला होता, तिघींच्या शाखांमधल्या प्रत्येकाचा विचार केला होता. ज्याला शाखाच नाही, त्याचा विचार मी केलाच नव्हता. आणि पास्टरांचं इंटरनेट म्हणजे त्यांच्या प्रवचनासारखं, संथ आणि शेवटपर्यंत थांबून ऐकावं असं.

आधी आली ती खरी, संपूर्ण पट्टी. बाराखडीप्रमाणे. लोकांना आपापली नावं दिसली, टाळ्या पडल्या, पोरं ओरडली, "ती बघ आजी!" मग माझी स्क्रिप्ट जागी झाली. तिने शोधलं, हा बघणारा कोणत्या शाखेचा? कोणत्याच नाही. तर मग याला दाखवायचं काय? काहीच नाही. आणि इंटरनेट संथ असल्यामुळे ते एकदम गेलं नाही, ताई. पौलीकाका गेले. मग सिडनीवाले गेले. मग एकेक घर, सावकाश, वरून खाली, जेवण झाल्यावर पाहुणे पांगतात तसं. शेवटी चादरीवर दोनच शब्द उरले: 'मुखपृष्ठ' आणि 'मदत'.

बाहेर भट्टीवर चरबी टपकल्याचं सभागृहात ऐकू आलं. मागून कुणी म्हातारा म्हणाला, "शेवटचा दिवस आला वाटतं."

"काही नाही, काही नाही," फुआतिनोआत्या उठली. "पास्टरना जमत नाहीये. मी माझ्या नावाने उघडते, मग बघा." तिने खुर्ची ओढली, आणि पासवर्डचं एकेक अक्षर मोठ्याने म्हणत दाबलं. (ते एका माणसाचं नाव निघालं. ते तिच्या नवऱ्याचं नव्हतं. जुनी माणसं एकदम खोकायला लागली.) पट्टी आली. थोरल्याची शाखा सगळ्यात वर, ठळक. ती सभेकडे वळून राणीसारखी हसली.

"हे काय?" लिताराआत्या उभी राहिली. "हे असं नाहीये. सरक बाजूला."

तिने लगीन केलं. लितारा वर.

माकेरिताआत्या उठली. सावकाश चालत गेली, दोघींच्या मधे बसली, आणि एका बोटाने आपलं नाव लिहिलं. माकेरिता वर.

पुढचं माझ्या डोळ्यांपुढे अजून एखाद्या अपघातासारखं संथ दिसतं. तावीता उठला आणि म्हणाला, "फुआतिनोआत्याच्या पट्टीत मी नव्हतोच!" लिताराआत्याची सून म्हणाली, "आणि यांच्यात मी नव्हते. लेकरं दिसली, घर दिसलं, मीच तेवढी नव्हते." ऑकलंडची मंडळी तर सगळीच्या सगळी उठली, आणि सवयीने उंचीप्रमाणे उभी राहिली. मग सगळ्यांच्या माना, भरतीची लाट वळावी तशा, कोपऱ्याकडे वळल्या. मी शेजारी बघितलं. वायोला माझ्यापासून दोन खुर्च्या सरकून बसली होती आणि एका परक्या बाईला सांगत होती, "मी यांना चर्चमध्ये पाहिलंय फक्त."

हो, मी पळालो. हो, डुकरांच्या कुंपणात. पण लपायला नाही. ती एकच जागा होती जिथे माझ्यावर रागावलेलं कुणी नव्हतं. (ज्यांनी रागवायला हवं होतं ती दोन भट्टीत होती.) तिथून मला सभागृहातला आवाज येत होता. आधी आरडाओरडा. कोर्ट, कोर्ट. मग फुआतिनोआत्याचा आवाज, "म्हणजे मी पाठवलेल्या अळकुड्या तू नजराणा म्हणून खाल्ल्यास?" लिताराआत्या म्हणाली, "मग! आणि माझे पाव तू काय समजून खाल्लेस?" "हरलीस म्हणून पाठवलेस, असं समजून!" मला वाटलं, आता खुर्च्या उडणार. आणि मग माकेरिताआत्या हसली. तुला तिचं हसणं आठवतं, आधी नुसते खांदे हलतात, आवाज मागाहून येतो. ती हसत हसत म्हणाली, "आणि मी दोघींचं फुकट खाल्लं की गं!" त्यावर लिताराआत्या फुटली, मग फुआतिनोआत्या, आणि मग अख्खं सभागृह. ताई, मी डुकरांच्या घाणीत उभा होतो, पण ते हसू ऐकून मलाही इतकं हसू आलं की एका डुकरिणीचा आधार घ्यावा लागला.

मला हाताला धरून परत नेलं ते तिघींनी मिळून. पौलीकाका गेल्यापासून त्या तिघी कशाच्या तरी एकाच बाजूला पहिल्यांदाच होत्या, आणि समोरच्या बाजूला मी एकटा. फुआतिनोआत्याने उजवा कान धरला, लिताराआत्याने डावा. माकेरिताआत्याने कान उरला नाही म्हणून पंख्याने टाळूवर मारलं. शिक्षा ठरली: वर्षभर दर शनिवारी तिन्ही शाखांच्या थडग्यांवरचं गवत मी काढायचं. कुठल्या शाखेचं आधी? तिघींनी एका सुरात सांगितलं, "जिकडून वारा येईल तिकडून." बघ, इतकं सोपं होतं! हे त्या मला आधीच सांगत्या तर मी स्क्रिप्ट शिकलोच नसतो.

मग त्यांनी आपापले टॅब्लेट शेजारी शेजारी मांडले, पास्टरांना मधे बसवलं, आणि मला बाहेर काढून दारातली चटई खाली सोडली. आत बराच वेळ बैठक चालली. जेवण गार झालं. बाहेर आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळलेले होते, तिन्ही उमेदवारांचेसुद्धा, आणि कोर्टाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. तेव्हा काळजी नसावी. घराण्याचं नाक जागेवर आहे, मी तुरुंगात नाही, आणि देवाच्या कृपेने सगळं खरोखरच छान झालं. स्क्रिप्ट मी काढून टाकली आहे. पट्टीवर आता काहीही लपत नाही.

पत्र लांबलं. दाजींना नमस्कार, पोरांच्या गालांना माझ्याकडून एकेक चिमटा. थोरांना मान, लहानांना माया, आणि मधल्यांना (म्हणजे तुला) दोन्ही.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
आपेरामो

ता.क. गवत कापायच्या यंत्राची पाती इकडे चांगली मिळत नाहीत. तिकडून मिळाली तर बरं होईल. टपालाने पाठवू नकोस, आत्यांबरोबर दे.

पुन्हा ता.क. हे वर लिहायचं राहिलं. आत्या तुझ्याकडे येतायत. तिघीही. या गुरुवारच्या विमानाने (म्हणून हे पत्र ईमेलने पाठवतोय; टपाल त्यांच्या मागून पोहोचलं असतं). बारीक विणीच्या तीन चटया बरोबर आणतायत, तेव्हा कारण तुझ्या लक्षात यायला लागलं असेल. आलं नसेल तर पुढचं बसून वाच.

तिसरं ता.क. बैठकीत पास्टरांनी तिघींच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि बोट फिरवत खाली खाली आले. हे नाव हिच्याकडे आहे, तिच्याकडे लपवलंय. हे तिच्याकडे आहे, हिच्याकडे नाही. तिन्ही उमेदवार कुठे ना कुठे गळाले. मी दोघींकडे नव्हतो. (एकीकडे माझ्याच हाताची चूक. दुसरीने मला पाव खायला घालून माझंच नाव काढायला सांगितलं होतं, आणि मी ते काढलं होतं. पाव गरम होते.) शेवटी एवढ्या मोठ्या घराण्यात एकच नाव उरलं, जे तिघींपैकी कुणीही, कितीही रुसली तरी, एकदाही लपवायला सांगितलं नव्हतं. ते तुझं आहे, ताई. मी दारातल्या चटईआडून ओरडून म्हटलं, त्यात काय, ती ब्रिस्बेनला आहे, भांडायला हाताशी सापडते कुठे! तर लिताराआत्या म्हणाली, मी तिला माझ्या घरी वाढवलं, तिने एकदा उलट उत्तर दिलं नाही. माकेरिताआत्या म्हणाली, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्रपाळी करून घरी आल्यावर ती मला भरवायची. फुआतिनोआत्या म्हणाली, आणि रक्ताने थोरल्या शाखेची आहे, हे कुणी विसरू नये. पास्टरांनी विचारलं, कुणाची हरकत? कुणाचीच नव्हती. पद तुला द्यायचं ठरलंय. तेच मागायला, म्हणजे द्यायला, त्या येतायत. हे पत्र लिहायचं कारण तेवढंच. मला सांगितलं होतं की तिला सावकाश, हसतखेळत, मनाची तयारी करून कळव. तसं मी केलं असं तू त्यांना सांग.

शेवटचं ता.क. हो म्हण, ताई. मी इतका वेळ थट्टा केली, पण ही नाही. आणि नाहीच म्हणायचं असेल तर तिघींना तोंडावर सांग, मला फोन करू नकोस, मी गुरुवारपासून फोन बंद ठेवणार आहे. विमानतळावर त्या तिघी एकदमच दारातून बाहेर येतील, खांद्याला खांदा लावून, कुणी एक पाऊल पुढे येणार नाही. त्यातल्या कुणाला आधी मिठी मारायची, ते तूच ठरव. घराण्याची मताई तू आहेस.